दुसऱ्या पोर्टवरचं लॉगिन

माझ्या धाकट्या भावाला मी आयुष्यभर दोनच गोष्टींवरून बोलत आले. एक, हेल्मेटचा पट्टा लाव. दोन, मशिनला सिरियल कन्सोल करून ठेव. पहिलं त्यानं ऐकलं होतं. अपघात झाला तेव्हा पट्टा लावलेला होता, त्याचा उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी. दुसरं त्यानं ऐकलं नाही, असं मी धरून चालले होते.

मी सर्व्हर सांभाळते. तळेगावजवळ वराळ्याला राहते आणि काम पडेल तशी नवी मुंबईच्या डेटा सेंटरला जाते. भाऊ आईजवळ गावीच राहिला, वलवणच्या धरणाच्या अंगाला. लोणावळ्यातल्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांचं वायरिंग, कॅमेरे, पोहण्याच्या तलावांचे पंप, सगळं तो बघायचा. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला आणि शिस्त शून्य. मी प्रत्येक गोष्टीची आधी प्रत काढून ठेवणार, मग हात लावणार. तो आधी हात लावणार आणि मग मला फोन करणार.

आमचं गाव म्हणजे धरण उशाला आणि कोरड घशाला. पाणी डोळ्यांना दिसतं, नळाला मात्र येईल तेव्हा येतं. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पहाटे उघडेल की दुपारी, हे उघडणाऱ्यालासुद्धा माहीत नसायचं. बायका हंडे घेऊन ताटकळायच्या, नाहीतर शेतावर गेल्या की त्यांचं पाणी चुकायचं. आमचं घर टाकीच्या पायथ्याशी आहे. भावानं टाकीच्या पाइपला एक सेन्सर लावला, तिथून आमच्या मागच्या खोलीत तार ओढली आणि माझ्या ऑफिसनं मोडीत काढलेल्या एका संगणकाला ती जोडली. पाणी सुटलं की गावातल्या सगळ्या फोनांवर मेसेज. मेसेजचा मजकूर त्याचा स्वतःचा. 'पाणी सुटलंय. आधी प्यायचं भरा, धुणं मग.' 'पाणी सुटलंय. नळाला मोटार लावणाऱ्यांनो, देव बघतोय.' असे त्यानं बरेच लिहून ठेवले होते, मशीन त्यातला एक उचलायचं. मोटार लावणारे दोन दिवस तोंड चुकवून फिरायचे.

हे सगळं तो एका व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवायचा. म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. बाहेरच्याला आम्ही होस्ट म्हणतो, आतल्याला गेस्ट. ही युक्ती मीच शिकवलेली. बाहेरचा संगणक मी स्वतः लावून दिला होता, त्याच्या चाव्या माझ्याकडेही होत्या. आतला पूर्णपणे त्याचा. त्यात शिरायचं तर नेटवर्कवरून, आणि तिथं त्यानं एकच किल्ली चालेल असं करून ठेवलं होतं. ती किल्ली म्हणजे एक फाइल, त्याच्या लॅपटॉपमध्ये.

"आणि लॅपटॉप गेला तर?" मी विचारायची.

"लॅपटॉप कुटं जातोय?"

"अरे, मागचं दार ठेव एक. सिरियल कन्सोल. होस्टवर बसून थेट आत जाता येतं. नेटवर्क नको, किल्ली नको, नाव आणि पासवर्ड पुरतो."

सिरियल कन्सोल म्हणजे जुन्या काळच्या एका तारेसारखा मार्ग, अक्षरामागून अक्षर नेणारा. पण नुसता मार्ग असून भागत नाही. गेस्टच्या आत त्या तारेच्या टोकाशी 'कोण आहे?' विचारणारं कोणीतरी बसवावं लागतं. ते बसवलं नसेल तर तुम्ही दारापर्यंत जाता आणि समोर नुसता काळा पडदा.

"तू हायेस की दार उघडायला," तो म्हणायचा. "येशील. पण उशिरा येशील."

माझ्या उशिराची आमच्याकडे जुनी थट्टा आहे. माझ्याच लग्नात मी सर्व्हर चालू करून देत फोनवर बसले होते आणि भटजी अक्षता घेऊन खोळंबले होते. गावी येते म्हटलं की आई माझं ताट वाढायचीच नाही, झाकून ठेवायची. भाऊ दारातच उभा असायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, उशीर केलास." मग पिशवी हातातून घेऊन, "ये आत."

तो रविवार होता. मी डेटा सेंटरमध्ये होते. आईचा फोन आला की जुन्या हायवेवर त्याच्या गाडीला मोटारीनं उडवलं, दवाखान्यात नेलंय, शुद्धीवर आहे, ये. मी होते तशी निघाले.

पावसाळ्यातला रविवार आणि खंडाळ्याचा घाट, आमच्याकडच्या माणसाला याहून जास्त सांगायला लागत नाही. गाड्या मुंगीसारख्यासुद्धा सरकत नव्हत्या. शेजारच्या गाडीतली पोरं टपावर स्पीकर ठेवून धबधब्याच्या पाण्यात नाचत होती, एकीनं मला कणीस पुढे केलं. मी तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. डोंगरापलीकडे माझा भाऊ होता, चालत गेले असते तरी पोहोचले असते असं मला आजही वाटतं, आणि ते खरं नाही हेही माहीत आहे. रेंज यायची, जायची. मग आईचा पुन्हा फोन आला. "ये सावकाश," ती म्हणाली. "आता घाई न्हाई."

मी पोहोचले तेव्हा त्याचा चेहरा पुसलेला होता.

"काही बोलला का?" मी आईला विचारलं. त्या दिवशी विचारलं, पुढेही विचारलं. आई प्रत्येक वेळी पदर नीट करत म्हणायची, "न्हाई. काय बोलला न्हाई." मला ते पटायचं नाही. जो माणूस नळाच्या पाण्यावरसुद्धा दोन शब्द सोडायचा, तो शुद्धीत असताना गप्प कसा राहील?

तिसऱ्या दिवशी आम्ही नदीवर राख सावडायला गेलो होतो. सगळे खाली बसलेले. आणि एकदम सगळ्यांचे खिसे वाजले. इकडे एक, तिकडे दोन, मग सगळेच. माझ्याही पर्समध्ये वाजला. 'पाणी सुटलंय. पळा, नाहीतर शेजारीण भरंल.' मामानं फोन कपाळाला लावला आणि हमसाहमशी रडायला लागला. मशिनला कोणी सांगितलं नव्हतं. ते आपलं काम करत होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण मीही सगळ्यांसारखी मान वर करून बघत होते. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. वडीलधारी माणसं एकेक बोलून बघू लागली. "तुझ्या आईला आमी बघू." कावळा हलेना. "भाताचं खाचर पडीक ठेवनार न्हाई." नाही. आत्या म्हणाली, "ताईला माहेरपनाला कमी करनार न्हाई." त्यालाही नाही. मामा माझ्याकडे वळला. "तू बोल गं. तुज्यात जीव व्हता त्याचा."

मला राग आला होता. भावाचा, कावळ्याचा, त्या सगळ्या गर्दीचा. मी मोठ्यानं म्हटलं, "तुझं मशीन मी बंद पडू देणार नाही. पाण्याचा मेसेज जाईल. बास?" आणि एक कावळा उतरला. त्याला भूक लागली असेल. पण मी शब्द दिला होता आणि तो सगळ्या गावानं ऐकला होता.

आईनं मशिनच्या खोलीचा ताबा घेतला. घरात गेलेल्या माणसाच्या जागेवर दिवा लावतात, तो तेरा दिवस विझू द्यायचा नसतो. तेरावा झाला, समई उचलली, पण आईनं मशिनवरचा बारीक हिरवा दिवा धरून ठेवला. वारा सुटून वीज गेली की ती आधी तिकडे धावायची. एका बंगल्यातून काढलेल्या दोन बॅटऱ्या भावानं जोडून ठेवल्या होत्या, त्यामुळे दिवा जायचा नाही. "त्याच्या हातनं चालू झालंय," ती म्हणायची. "तवापासनं बंद न्हाई." सकाळी मेसेज आला की ती तो मला फोनवर वाचून दाखवायची. मलाही तोच मेसेज आलेला असायचा, तरी मी ऐकायची.

मग मेसेज थांबले. ग्रामपंचायतीनं ज्या सेवेकडून मेसेज घेतले होते, तिनं जुनं टोकन, म्हणजे मेसेज पाठवायचा परवाना, बदलून नवं दिलं. ग्रामसेवकानं ते मला लगेच पाठवलं. काम एवढंच की गेस्टच्या आत जायचं, जुनं टोकन खोडायचं, नवं लिहायचं. घरच्या मशिनांना आमचा दोघांचा एकच पासवर्ड असायचा, त्यावरूनही मी त्याला बोलायची आणि स्वतः तोच वापरायची. पण पासवर्ड कुठं टाकायचा? नेटवर्कवरून फक्त किल्ली चालणार, आणि किल्ली असलेला लॅपटॉप त्या रविवारी त्याच्या पाठीवर होता. पोलिसांनी परत दिला तो पिशवीत घालून, तुकड्यांत.

मी शनिवारी दुपारी गावी गेले. आईनं चहा दिला आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसली. मी होस्टवर बसले आणि गेस्टचं कन्सोल उघडलं. जोडणी झाल्याची ओळ आली. खाली काहीच नाही. एंटर मारला. काळा पडदा. पुन्हा मारला. केबल हलवण्यासारखं तिथं काही नसतं, तरी मी संगणकाच्या मागे हात घालून बघितलं. पुन्हा एंटर.

"अरे, एवढं सांगितलं होतं तुला," मी म्हणाले. "एक ओळ लिहायची होती. एक सेवा चालू करायची होती. पाच मिनिटांचं काम. गावाच्या मोटारी मोजायला वेळ आहे, माझं ऐकायला नाही. बेशिस्त माणूस. नालायक."

"कुनाला बोलतीस?" आई म्हणाली.

"तुझ्या लेकाला."

"बोल," आई म्हणाली. "त्याला सवय हाये."

मी मग आईला समजावून सांगितलं. मागचं दार त्यानं केलेलं नाही. आता एकच उपाय. मशीन बंद करायचं, त्याची डिस्क बाहेरून उघडायची, तिच्यात ते लॉगिन बसवायचं आणि पुन्हा चालू करायचं. थोड्या वेळाचा प्रश्न आहे.

"बंद?"

"पुन्हा चालू होईल, आई."

"तुज्या हातनं हुईल. त्याच्या न्हाई."

मी तिच्याशी वाद घातला, गावाला दिलेला शब्द काढला, बायका हंडे घेऊन बसल्यात ते काढलं. मला माहीत होतं की मीही त्याच गोष्टीला घाबरत होते. तो गेल्यापासून त्याचं चालत राहिलेलं असं हे एकच होतं, आणि ते थांबवायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. शेवटी ती उठली. देवळीतलं हळदकुंकू आणून तिनं मशिनच्या पत्र्याला बोट टेकवलं, घरातून लांब जाणाऱ्या माणसाला लावतात तसं. "कर बंद," म्हणाली. "पन मी बगनार न्हाई." आणि अंगणात जाऊन पाठमोरी बसली.

मी लगेच बंद केलं नाही. सवयीप्रमाणे आधी प्रत काढायला बसले. गेस्टची सगळी मांडणी एका फाइलमध्ये लिहिलेली असते, मेमरी किती, डिस्क कोणती, तारा जोडायची पोर्ट कोणती. प्रत काढताना मी ती डोळ्यांखालून घालते. पोर्टच्या जागी आले आणि थांबले. सिरियल पोर्ट दोन होती.

पहिलं टाकीच्या सेन्सरला जोडलेलं होतं. कन्सोल उघडताना वेगळं काही सांगितलं नाही तर ते पहिल्या पोर्टवर जातं. मी त्याला नेहमी शिकवायची, पहिलं पोर्ट कन्सोलला ठेव, बाकीचं काही असेल ते दुसऱ्यावर. त्यानं उलटं केलं होतं. गावाचं पाणी पहिलं. मी इतका वेळ टाकीच्या तारेवर एंटर मारत बसले होते, तिथं लॉगिन विचारायला कोण असणार?

दुसरं पोर्ट कशाला होतं ते लिहिलेलं नव्हतं.

मी दुसऱ्या पोर्टचं नाव देऊन कन्सोल उघडलं. जोडणीची ओळ आली. एंटर मारला.

लॉगिनच्या वर एक-दोन ओळींचा मजकूर ठेवता येतो. बहुतेक लोक तिथं मशिनचं नाव ठेवतात, नाहीतर परक्यांनी शिरू नये अशी धमकी. त्या पडद्याला देवनागरी धड येत नाही म्हणून त्यानं रोमन अक्षरांत लिहिलं होतं. पांढऱ्या अक्षरांत, काळ्या पडद्यावर:

ताई, उशीर केलास.
ये आत.

आणि खाली लॉगिन, आणि त्याच्यापुढे उघडझाप करणारी खूण.

मी ओरडले असणार, कारण आई धावत आली. तिला वाटलं मशीन गेलं. ती हिरव्या दिव्याकडे बघत होती आणि मी पडद्याकडे बोट दाखवत होते. तिला रोमन अक्षरं वाचता येत नाहीत.

"काय झालं? काय म्हनतंय?"

मी वाचून दाखवलं.

आई खाली बसली. तिथंच, तारांच्या गुंत्यात. बराच वेळ तिनं माझा गुडघा धरून ठेवला.

"दवाखान्यात बी हेच," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं न्हाई. दाराकडं बगत व्हता. ताई आली का, ताई आली का. मग आपनच म्हनला, रविवार हाये, घाटात आडकली आसंल. उशीर हुईल तिला. मला म्हनला, आये, ती आली की तिला कुनी बोलू नका."

मी त्याला नुकतंच नालायक म्हटलं होतं, याच खोलीत, मोठ्यानं. त्यानं माझं ऐकलं होतं. पट्टाही लावला होता आणि दारही ठेवलं होतं, आणि सांगितलं नव्हतं, कारण एक दिवस त्याचं नेटवर्क बिघडेल, मी फणफणत येईन, होस्टवर बसेन आणि तो माझ्या पाठीमागे उभा राहून माझा चेहरा बघेल, एवढी त्याला मजा हवी होती. त्याची ती मजा झाली नाही याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. स्वतःच्या दुःखापेक्षा जास्त.

"मग जा की आत," आई म्हणाली. "बोलवतोय न्हवं."

मी त्याचं नाव टाकलं. आमचा तो एकच पासवर्ड टाकला. आत गेल्यावर मशीन नेहमी पहिली एक ओळ दाखवतं, याआधी शेवटचं कोण कधी आलं होतं. त्या ओळीत तो होता. त्या रविवारच्या आदल्या आठवड्यातली एक संध्याकाळ, आणि मार्ग हाच, दुसरं पोर्ट. नेटवर्कवरून नेहमी येणारा माणूस त्या दिवशी मागच्या दारानं आला होता. ताईला उघडता येतंय ना, ते बघायला.

काम खरंच पाच मिनिटांचं होतं. जुनं टोकन खोडलं, नवं लिहिलं, पहिला मेसेज फक्त आईच्या फोनवर पाठवून बघितला. तिच्या कंबरेला खोचलेला फोन वाजला. 'पाणी सुटलंय. आधी प्यायचं भरा, धुणं मग.' आईला माहीत होतं की नळ कोरडा आहे. ती तरी उठली, हंडा घेतला आणि अंगणातल्या नळाखाली ठेवून आली.

मी बाहेर पडायची कळ दाबायला वेळ लावला. ती शेवटच्या लॉगिनची ओळ पुढच्या वेळी बदलणार हे मला ठाऊक होतं, हा माझाच धंदा आहे. आईनं ताट झाकून ठेवलं होतं, तिनं दोनदा हाक मारली, तेव्हा बाहेर पडले.

आता मी महिन्या दोन महिन्यांनी त्या दारानं आत जाते, मशीन ठीक आहे ना बघते. तो दर वेळी तेच म्हणतो, उशीर केलास, ये आत. आत गेल्यावर शेवटचं कोण आलं होतं ते येतं, आणि तिथं मीच असते.